उन्हाळ्यात ९५ टक्के, पावसाळ्यात ४०: झिंक ऑक्साइडची पूड नेमकी कुठे दगा देते?

प्रश्न नांदेडहून आला आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी झिंक ॲसिटेटपासून झिंक ऑक्साइडची पूड केली; उन्हात ही पूड पाण्यातला रंग मोडते. मे महिन्यात महाविद्यालयाच्या गच्चीवर मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या १० मिग्रॅ/लिटरच्या १०० मिली द्रावणात १०० मिग्रॅ पूड टाकली, तर ६० मिनिटांत ९५ टक्के रंग गेला. तीच बाटली, तेच द्रावण, पण जुलैत जेमतेम ४० टक्के. ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी बोअरचं पाणी घेतलं तर जवळजवळ काहीच घडत नाही. पूड पुन्हा वापरली की तिसऱ्या फेरीत निम्मी ताकद उरते. आणि शेवटी विचारलं आहे, की पैठणच्या रेशीम-रंगाईच्या सांडपाण्याला ही पद्धत लागू पडेल का?

हे चारही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ते म्हणजे पुडीचा पृष्ठभाग. प्रकाश कणाच्या आत शोषला जातो, त्याने इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे धनभारित रिकामी जागा, म्हणजे होल, उरते, पण रसायन घडतं ते कणाच्या बाहेरच्या एक-दोन अणुथरांत. त्या थरावर काय बसलं आहे, यावर निकाल ठरतो.

आधी आकडे नीट वाचू. ९५ आणि ४० यांत अडीचपट फरक दिसतो, पण टक्केवारीची तुलना इथे फसवी आहे. विघटन पहिल्या कोटीच्या वेगाने चालतं असं धरलं, तर सुरुवातीची संहती भागिले उरलेली संहती याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा आणि त्याला वेळेने भागायचं. मेमधला वेगस्थिरांक येतो ०.०५० प्रति मिनिट, जुलैतला ०.००८५. म्हणजे वेग जवळजवळ सहापट घटला आहे. इतकी मोठी घट एकट्या कारणाने सहसा होत नाही. तुमच्याकडे दोन-तीन कारणं एकावर एक चढली आहेत.

पहिला संशय उन्हावर. नांदेड सुमारे १९ अंश उत्तरेला आहे. तिथे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस, दोन्ही वेळा भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे किरणांच्या कोनाला दोष देता येत नाही. फरक ढगांचा आहे. झिंक ऑक्साइडचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. १२४० ला या आकड्याने भागलं की तरंगलांबी मिळते, साधारण ३७५ नॅनोमीटर. त्यापेक्षा लांब तरंगाचा प्रकाश शुद्ध झिंक ऑक्साइडला उपयोगाचा नाही. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील भाग जेमतेम ४ ते ५ टक्के असतो आणि पूड जगते ती एवढ्याच तुकड्यावर. म्हणून लक्समीटर किंवा मोबाइलचं ॲप घेऊन ऊन मोजू नका. ती साधनं डोळ्याला दिसणारा प्रकाश मोजतात. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील मापक मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर त्याहून भरवशाचा उपाय आहे. प्रत्येक वेळी शेजारी दुसरं बीकर ठेवा, त्यात तेवढ्याच वजनाची बाजारी टायटॅनिया (टायटॅनियम डायऑक्साइड) पूड घाला. पी-२५ मिळाली तर फारच छान: तिच्यात साधारण ८० टक्के ॲनाटेज आणि २० टक्के रुटाइल (टायटॅनियाची दोन स्फटिकरूपं) असतं, पृष्ठफळ ग्रॅमला ५० चौरस मीटरच्या आसपास, आणि जगभर तुलनेसाठी तीच वापरतात. तुमच्या पुडीचा वेग भागिले सोबतच्या बीकरमधला वेग, हा आकडा लिहून ठेवा. जुलैत दोन्ही बीकरं सारखीच मंदावली तर दोष आभाळाचा. सोबतचं बीकर थोडं मंदावलं आणि तुमचं कोसळलं, तर दोष पुडीचा.

उष्णतेचा भाग लोक उगीच फुगवतात. प्रकाशउत्प्रेरणाची सक्रियण ऊर्जा कमी असते. ती १० किलोज्यूल प्रति मोल धरली, तर २८ वरून ४२ अंश सेल्सिअसवर जाताना वेग फार तर २० टक्क्यांनी वाढतो. उलट तापलेल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घटतो. आपल्याकडच्या मे महिन्यात खरा त्रास बाष्पीभवनाचा. उघड्या बीकरमधून तासाभरात १०० मिलीतले १० मिली उडाले, तर संहती ११ टक्क्यांनी वाढते आणि तेवढं विघटन झाकलं जातं. बीकर पाण्याच्या पसरट परातीत ठेवा, काचेवर पातळीची खूण करा, नमुना काढण्याआधी ऊर्ध्वपातित पाण्याने खुणेपर्यंत भरा. नमुन्यासाठी काढलेलं पाणी मात्र त्या भरण्यात धरायचं नाही. प्रत्येक नमुन्यानंतर खूण नवी करायची.

उन्हाचा भरवसाच नको असेल तर एक पेटी करा: पुठ्ठ्याचं खोकं, आतून ॲल्युमिनियमची फॉइल, वर ३६५ नॅनोमीटरच्या नळ्या किंवा एलईडी, एका बाजूला छोटा पंखा. जंतुनाशक २५४ नॅनोमीटरची नळी घेऊ नका. ती रंगाचे रेणू उत्प्रेरकाशिवायही थेट मोडते, साधी काच तिचा प्रकाश अडवते आणि डोळ्यांना ती घातक आहे. ३६५ च्या दिव्याकडेही उघड्या डोळ्यांनी पाहू नये.

आता रंगाविषयी. मेथिलीन ब्लू स्वस्त आहे, गडद आहे, म्हणून सगळे तोच घेतात. पण या कामासाठी तो फार लबाड रेणू आहे. त्याचा ६६४ नॅनोमीटरचा पट्टा कमी होण्याची निदान चार कारणं असतात: रेणू खरोखर मोडणं, रेणू पुडीवर चिकटून बसणं, ऑक्सिजन कमी पडल्यावर क्षपण होऊन रंगहीन ल्यूको रूप तयार होणं, आणि रेणूवरचे मेथिल गट एकेक करून गळणं. यातलं फक्त पहिलं तुम्हाला हवं आहे. ल्यूको रूप ओळखायला सोपं: नमुना हवेत हलवून दहा मिनिटं ठेवला की निळा रंग परत येतो. मेथिल गट गळत असतील तर पट्ट्याचं शिखर ६६४ वरून हळूहळू डावीकडे, ६५० कडे आणि पुढे सरकतं. म्हणून एका तरंगलांबीवरचं वाचन पुरेसं नाही. दर वेळी २०० ते ८०० पूर्ण वर्णपट घ्या. दृश्य प्रकाशात आणखी एक घोळ होतो. रंग स्वतः प्रकाश शोषतो, त्याचा इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या वाहक पट्ट्यात उडी मारतो आणि रंग मोडतो. तिथे पुडीने प्रकाश शोषलेलाच नसतो. ‘दृश्य प्रकाशात चालणारा उत्प्रेरक’ असा दावा करण्याआधी फिनॉल किंवा सॅलिसिलिक आम्लासारखा रंगहीन रेणू घेऊन पाहायलाच हवं.

अंधारातली चाचणी (प्रकाशाआधी रंग पुडीवर किती चिकटतो ते पाहण्याची) तुम्ही ३० मिनिटांची केली असावी, सगळे तीच करतात. पण ३० मिनिटं हा काही नियम नाही. १५, ३०, ४५, ६० मिनिटांना नमुने घ्या आणि लागोपाठ दोन वाचनं सारखी येईपर्यंत दिवा लावू नका. सुरुवातीची संहती म्हणून अंधारातल्या समतोलानंतरचा आकडा घ्या, बाटलीवरचा नव्हे. अंधारात किती टक्के चिकटला आणि प्रकाशात किती टक्के गेला, हे दोन आकडे वेगळे द्या.

इथे तुमच्या पुडीबद्दल एक गोष्ट आपोआप कळते. झिंक ऑक्साइडचा शून्यभार सामू, म्हणजे ज्या सामूला पृष्ठभागावर भार नसतो तो, सुमारे ९. त्याखालच्या सामूला पृष्ठभागावर धनभार असतो, आणि मेथिलीन ब्लूही धनभारित. दोघांनी एकमेकांना दूर लोटायला हवं. तरी अंधारात ३०-४० टक्के रंग चिकटत असेल, तर पूड नीट धुतली गेलेली नाही किंवा तिच्यात ॲसिटेटचा जळका कार्बन उरला आहे, असा संशय घ्या. धुण्यातून राहिलेला सोडियम हायड्रॉक्साइड द्रावणाचा सामू १० च्या वर नेतो. मग पृष्ठभाग ऋणभारित होतो, रंग चिकटतो. शिवाय जोरदार अल्कलीत मेथिलीन ब्लू स्वतःच बदलू लागतो. पूड टाकल्यावर पाच मिनिटांनी सामू मोजून वहीत लिहिणं हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि बहुतेक प्रकल्पांत नेमकं तेच केलेलं नसतं.

मोजणीतल्या छोट्या गोष्टी भराभर सांगतो. १० मिग्रॅ/लिटरला शोषण २ च्या आसपास जातं, तिथे बरीच उपकरणं सरळ रेषेत वाचत नाहीत, शिवाय रेणू जोड्या करू लागतात आणि ६१० च्या बाजूला खांदा वर येतो. नमुना चार-पाचपट पातळ करा, आणि ०.५ ते ५ मिग्रॅ/लिटरची अंशांकन रेषा स्वतः काढा. बाटलीतल्या रंगात स्फटिकजल कमी-जास्त असतं, त्यामुळे पुस्तकातला शोषणांक तसाच उचलू नये. पूड काढण्यासाठी गाळणकागद नको, सेंट्रिफ्यूजच बरं. कागद आणि नायट्रोसेल्युलोजची पटलं हा रंग पिऊन टाकतात. ७५० नॅनोमीटरला वाचन शून्यावर येत नसेल तर पूड अजून तरंगते आहे, पुन्हा फिरवा. क्युव्हेट (मोजणीची छोटी पारदर्शक कुपी) दर नमुन्यानंतर इथेनॉलने धुवा, कारण निळा थर क्वार्ट्झवरही बसतो.

आता मूळ मुद्दा: पूड करताना काय होतं, आणि ठेवल्यावर काय होतं.

०.१ मोलर झिंक ॲसिटेट डायहायड्रेटचं ५०० मिली द्रावण म्हणजे १०.९८ ग्रॅम. ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे ५०० मिली म्हणजे ४ ग्रॅम, पण जुन्या बाटलीतले दाणे हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड पिऊन बसलेले असतात, म्हणून वजनावर न जाता सामूवर जा. झिंकचं द्रावण ६० ते ७० अंशांवर ठेवून जोरात ढवळत अल्कली थेंबथेंब सोडा, मिनिटाला साधारण ५ मिली. सामू ९.५ ते १० झाला की थांबा. ७ च्या खाली थांबलात तर ऑक्साइडऐवजी झिंकचं अल्कधर्मी ॲसिटेट हाती लागतं. १२ च्या पुढे गेलात तर अवक्षेप झिंकेट होऊन पुन्हा विरघळतो. दोन तास त्याच तापमानावर ढवळत ठेवा. मग सेंट्रिफ्यूज, ऊर्ध्वपातित पाणी, पुन्हा सेंट्रिफ्यूज, असं निदान पाच वेळा. किती वेळा धुवायचं हे मोजून नाही, वाहकता पाहून ठरवा: धुतलेल्या पाण्याची वाहकता तुमच्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या जवळ आली की पुरे. शेवटचं धुणं इथेनॉलचं, त्याने कण वाळताना गुठळ्या कमी होतात. ८० अंशांवर रात्रभर वाळवा, हलक्या हाताने घोटा, मफल भट्टीत मिनिटाला ५ अंशांनी चढवत ४०० अंशांवर दोन तास ठेवा. पूर्ण उतारा ४.०७ ग्रॅम यायला हवा, ३.५ ते ३.८ मिळाले तर काम चांगलं झालं. ४.३ ग्रॅम आले तर आनंद मानू नका, आत पाणी, ॲसिटेट किंवा कार्बोनेट आहे.

४०० अंशच का? याचं उत्तर दोन ओढींमध्ये आहे. तापमान वाढवलं की स्फटिक सुबक होतो, आतले दोष कमी होतात, इलेक्ट्रॉन आणि होल वाटेत एकमेकांना भेटून विझण्याचं प्रमाण घटतं. पण त्याचबरोबर कण एकमेकांत वितळून मोठे होतात, पृष्ठफळ घटतं आणि पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट उडून जातात. होल पकडून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे रंग मोडणारे अतिक्रियाशील तुकडे, बनवण्याचं बरंचसं काम हेच गट करतात. म्हणून ३००, ४००, ५०० आणि ६०० अशा चार घाण्या एकाच अवक्षेपातून करा. वेग ग्रॅममागे आणि चौरस मीटरमागे, दोन्ही रीतींनी काढा. ग्रॅममागे ४०० ची पूड पुढे आणि चौरस मीटरमागे ५०० ची पुढे, असं चित्र आलं तर ते विसंगत नाही. एकात पृष्ठफळ बोलतंय, दुसऱ्यात स्फटिकाची प्रत. दोन तासांच्या मध्ये वीज गेली तर ती घाणी वेगळी लिहा. ‘दोन तास’ म्हणून तिची गणना करू नका.

टायटॅनिया करणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड हवेतल्या ओलाव्यानेच जलविघटित होतं. मराठवाड्यात एप्रिलमधल्या कोरड्या दुपारी ते निवांत ओतता येतं, आणि ऑगस्टमध्ये तीच बाटली उघडल्याबरोबर तोंडाशी पांढरी साय धरते. १० मिली, म्हणजे साधारण ९.६ ग्रॅम, घेतलं तर २.७ ग्रॅम टायटॅनिया यायला हवी. आधी कोरड्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये पातळ करून घ्या आणि पावसाळ्यात पिपेट भट्टीत वाळवून वापरा. ४५० अंशांवर ॲनाटेज मिळतं. ६०० च्या पुढे रुटाइल डोकावू लागतं.

आता तुमच्या जुलैकडे. मेमध्ये केलेली पूड साध्या झाकणाच्या बाटलीत दोन महिने राहिली. झिंक ऑक्साइड हे आम्लाशी आणि अल्कलीशी दोघांशीही बोलणारं ऑक्साइड. दमट हवेत ते कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेऊन हळूहळू स्वतःवर हायड्रोझिंकाइटचा, म्हणजे झिंकच्या अल्कधर्मी कार्बोनेटचा, पातळ थर चढवतं. बारीक कणांत हा थर मोठा वाटा व्यापतो. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणाऱ्या तपासणीत) तो दिसेलच असं नाही, कारण थर पातळ आणि विस्कळीत असतो. इन्फ्रारेड वर्णपटात मात्र १५०० आणि १३९० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचे दोन रुंद पट्टे आणि ८३५ जवळचा छोटा पट्टा त्याचं नाव सांगतात. आणखी सोपी तपासणी: अर्धा ग्रॅम पूड तोलून ३५० अंशांवर तासभर ठेवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, परत तोला. दोन-तीन टक्के वजन घटलं तर पृष्ठभाग मळला होता. ही भाजलेली पूड त्याच दिवशी, सोबतच्या बीकरसह पुन्हा तपासा. वेग परत आला तर कोडं सुटलं. पुढे पूड सिलिका जेलसह डेसिकेटरमध्ये, छोट्या छोट्या कुप्यांत ठेवा. एक कुपी एकदाच उघडायची.

बोअरच्या पाण्याकडे येऊ. इथे सगळीकडे छापलेलं उत्तर असतं, ‘बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलक खातं’. खरं आहे, पण पुरेसं नाही, हे गणित करून पाहा. आपला खडक बेसाल्ट, त्यातलं भूजल मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियम-बायकार्बोनेट प्रकारचं. बायकार्बोनेट ३०० मिग्रॅ/लिटर धरा, म्हणजे जवळजवळ ५ मिलिमोलर. मूलकाशी त्याचा वेगस्थिरांक ८५ लाख, तर मेथिलीन ब्लूचा सुमारे १००० कोटी, दोन्ही प्रति मोलर प्रति सेकंद. संहतीने गुणलं तर बायकार्बोनेटचा वाटा सुमारे ४२ हजार आणि रंगाचा सुमारे ३ लाख. सामू ८.३ ला असणारं थोडं कार्बोनेट मिळवलं, त्याचा वेगस्थिरांक ३९ कोटी असल्याने, तरी एकूण ६० हजारच. म्हणजे सुरुवातीला सहा मूलकांपैकी एखादंच बायकार्बोनेटकडे जातं. एवढ्याने विघटन थांबत नाही, फार तर मंदावतं. रंग १ मिग्रॅ/लिटरवर उतरल्यावर मात्र त्याचा वाटा ३० हजारांवर येतो आणि बायकार्बोनेट वरचढ होतं. शेवटची शेपटी लांबते ती यामुळे.

सुरुवातीपासून ‘जवळजवळ काहीच नाही’ याचं कारण पुन्हा पृष्ठभागावर शोधायला हवं. बायकार्बोनेट ऋणभारित, पृष्ठभाग धनभारित: ते जाऊन नेमक्या हायड्रॉक्सिलच्या जागांवर बसतं. क्षारांमुळे कणांभोवतीचा विद्युतभाराचा थर आक्रसतो, त्यात सामू शून्यभार बिंदूजवळ, त्यामुळे पूड गुठळ्या होऊन तळाशी बसते आणि ऊन वरून पाण्यातून निघून जातं. ढवळणं थांबवून दोन्ही बीकरं दहा मिनिटं शेजारी ठेवा. बोअरच्या पाण्यातली पूड आधी खाली बसलेली डोळ्यांनी दिसेल. खात्रीसाठी ऊर्ध्वपातित पाण्यात फक्त ४१० मिग्रॅ/लिटर सोडियम बायकार्बोनेट घालून एक प्रयोग, फक्त कॅल्शियम क्लोराइड घालून दुसरा, आणि बोअरचं पाणी आम्लाने सामू ४.५ च्या आसपास आणून, हवा फुगवून, बायकार्बोनेट हाकलून मग सामू परत ७.५ करून तिसरा. या तीन बीकरांत तुमचा एक स्वतंत्र प्रकरण-भर निकाल दडलेला आहे. प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं काम हेच ठरेल असं मला वाटतं, कारण इथल्या पाण्यावर इथेच काम व्हायला हवं.

तिसऱ्या फेरीतल्या घसरणीचं अर्धं उत्तर हिशेबात आहे. तुम्ही दर फेरीत ५ मिलीचे आठ नमुने काढता. ते ४० मिली, आणि त्याबरोबर ४० टक्के पूडही बाहेर जाते. पुढच्या फेरीत १०० मिली ताज्या द्रावणात ६० मिग्रॅ पूड राहते. सेंट्रिफ्यूजमधली पूड त्याच बीकरमध्ये परत टाका, किंवा सारख्या तीन बीकरांत एकाच वेळी फेरी चालवून तिन्हींतली पूड एकत्र करून, वाळवून, तोलून नेमकी १०० मिग्रॅ घ्या. मग जी घसरण उरेल ती खरी. त्यात एक भाग प्रकाशामुळे झिजण्याचा: होलला समोर सेंद्रिय रेणू मिळाला नाही की ते ऑक्साइडच्या स्वतःच्याच ऑक्सिजनवर तुटून पडतं, झिंक आयन पाण्यात जातो. अणुशोषण उपकरणावर द्रावणातलं झिंक मोजलं की हा भाग कळतो. दुसरा भाग अर्धवट मोडलेल्या तुकड्यांचा, जे पृष्ठभाग अडवून बसतात. ३५० अंशांवर तासभर भाजल्याने ते जातात.

मूलक किंवा होल गिळणारं रसायन घालून वेग किती घटतो ते पाहण्यासाठी ईडीटीए वापरायचा विचार असेल तर झिंक ऑक्साइडवर तो टाळा, ईडीटीए झिंकला धरून पूडच विरघळवतो. होलसाठी अमोनियम ऑक्झॅलेट घेतात, पण झिंकचं ऑक्झॅलेट पाण्यात न विरघळणारं, तेही पृष्ठभागावर बसतं. त्यापेक्षा टेरेफ्थॅलिक आम्लाची चाचणी करा: ०.५ मिलिमोलर टेरेफ्थॅलिक आम्ल, २ मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, ३१५ नॅनोमीटरने उद्दीपन आणि ४२५ ला प्रदीप्ती (मूलक आम्लाला जोडला गेला की ते चमकू लागतं). ती वेळेबरोबर सरळ रेषेत वाढली तर हायड्रॉक्सिल मूलक बनत आहेत याचा थेट पुरावा मिळतो.

उपकरणांवरच्या निष्कर्षांबद्दल दोनच इशारे. परावर्तन वर्णपटावरून बँड गॅप काढताना झिंक ऑक्साइडसाठी थेट संक्रमणाचा आणि ॲनाटेजसाठी अप्रत्यक्ष संक्रमणाचा घातांक घ्या. दुसरं मूलद्रव्य मुद्दाम मिसळलेल्या पुडीत आलेखाला खालची शेपटी असते, तिथे स्पर्शरेषा थेट आडव्या अक्षावर नेली की बँड गॅप खोटाच लहान येतो. आणि एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तपासणीत) ऑक्सिजनचा ५३१.५ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळचा खांदा दिसला की ‘ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा’ असं लिहायची जी रीत पडली आहे, ती सोडा. जागा रिकामी आहे तिथे इलेक्ट्रॉन देणारा ऑक्सिजनच नाही. तो खांदा बहुतेक वेळा हायड्रॉक्सिल, कार्बोनेट आणि चिकटलेल्या पाण्याचा असतो. तुमच्या जुलैच्या पुडीत तो नक्की वाढलेला दिसेल, आणि ती पूड तर मंद आहे.

राहिलं पैठण. रेशमाची रंगाई मुख्यतः आम्ल-रंगांनी होते. हे रंग ऋणभारित, मेथिलीन ब्लूच्या उलट स्वभावाचे. प्रयोगशाळेतला नमुना रंग म्हणून ॲसिड ऑरेंज ७ घ्या, त्याचं शिखर ४८५ नॅनोमीटरला असतं. झिंक ऑक्साइडच्या धनभारित पृष्ठभागावर तो छान बसतो. पण रंगाचं पाणी आम्लधर्मी, आणि सामू ६ च्या खाली झिंक ऑक्साइड विरघळू लागतं. आधी चुन्याने सामू ७.५ वर आणावा लागेल. तरीही उदासीन पाण्यात काही मिग्रॅ/लिटर झिंक उतरतंच, आणि पर्यावरण संरक्षण नियमांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात झिंकची सर्वसाधारण मर्यादा ५ मिग्रॅ/लिटर आहे. एक रंग काढून गोदावरीत झिंक सोडणं परवडणारं नाही. प्रत्यक्ष सांडपाण्यासाठी टायटॅनियाच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा शून्यभार सामू ६ ते ६.५, काम झाल्यावर पाणी त्या सामूवर आणून रात्रभर ठेवलं तर पूड बरीचशी आपोआप खाली बसते.

किती पाणी साफ होईल याचाही हिशेब मांडू. चांगल्या उन्हात अतिनील ३० वॅट प्रति चौरस मीटर धरलं, तर ताशी सुमारे ०.३३ मोल फोटॉन मिळतात. शंभरातला एक फोटॉन कामी आला असं समजा, म्हणजे ३.३ मिलिमोल इलेक्ट्रॉन. सीओडी (पाण्यातला सेंद्रिय मळ रासायनिक रीतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५० मिग्रॅ/लिटरचं पाणी पूर्ण ऑक्सिडीकृत करायला लिटरमागे ३१ मिलिमोल लागतात. एक चौरस मीटरच्या तबकात सहा तासांच्या उन्हात फक्त ०.६ लिटर! आणि रंगाईचं ताजं पाणी, साबण आणि रेशमाचा निघालेला डिंक धरून, २५० पेक्षा कितीतरी जड असतं. तेच पाणी आधी तुरटीने साकळून, मग जैविक टाकीतून काढून सीओडी २० वर आणलं, तर त्याच तबकात रोज ८ लिटर निघतं. म्हणून ही पायरी शेवटची, उरलेला हट्टी रंग काढण्यापुरती.

करून पाहायचं असेल तर सिमेंटच्या किंवा काचेच्या पसरट तबकात पाण्याची खोली २ ते ३ सेंटिमीटरच ठेवा, टायटॅनिया लिटरमागे अर्धा ग्रॅम, मत्स्यपेटीचा छोटा हवापंप सतत चालू. इलेक्ट्रॉन उचलून नेणारा ऑक्सिजन कमी पडला की सगळी साखळी अडते, हे खोल टाकीत नेहमी होतं. रंगाईत ग्लॉबर मीठ (सोडियम सल्फेट) वापरलं असेल तर सल्फेट पृष्ठभाग अडवतं, म्हणून पहिला प्रयोग मीठ घातलेल्या आणि न घातलेल्या पाण्यावर जोडीने करा. रंगाबरोबर सीओडीही मोजा. वेग वाढवायला हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं असेल तर ते उरलेलं असताना सीओडी खोटीच जास्त येते. आधी ते नष्ट करा. आणि खाली बसलेली टायटॅनिया नाल्यात ओतू नका. पाणी काढून, वाळवून, ४०० अंशांवर भाजली की तीच पूड पुढच्या घाणीला चालते.